बाथरूममधला घाण वास नेमका कुठून येतोय? सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी ठाणे-डोंबिवली पट्ट्यात बरीच वर्षं प्लंबिंगची कामं घेतोय आणि आठवडा असा जात नाही की कोणी वासाबद्दल विचारलं नाही. फोनवर तीच तीच उत्तरं द्यावी लागतात म्हणून सगळी एका जागी लिहून काढली. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवलेत. एकच विनंती, आधी वास शोधा आणि मग काय टाकायचं ते टाका, उलटं करू नका.

१. रोज फिनाईल टाकून धुते तरी तासाभरात वास परत येतो. एवढं धुऊनही येतो कुठून?

धुण्याचा आणि ह्या वासाचा बऱ्याचदा काही संबंधच नसतो. फरशीची जाळी, बेसिन, कमोड, बाथरूममधलं प्रत्येक भोक शेवटी ड्रेनेजच्या पाइपाला जोडलेलं असतं आणि त्या पाइपात चोवीस तास घाण वायू असतो. तो घरात येऊ नये म्हणून प्रत्येक भोकाखाली थोडं पाणी अडवून ठेवलेलं असतं, त्याला आम्ही वॉटर सील म्हणतो. पाणी खाली जातं, वायू वर येत नाही, बस एवढंच. कमोडमध्ये कायम दिसतं ते पाणी म्हणजे हेच सील. पाइप वाकवून पाणी अडवायची युक्ती १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने पेटंट केली आणि आजही आपण तीच वापरतोय. पाणी अडवणाऱ्या ह्या वळणाला किंवा भांड्याला ट्रॅप म्हणतात. फरशीखालच्या भांड्याला तर हार्डवेअरच्या दुकानात नहाणी ट्रॅपच म्हणतात, आपली न्हाणी आहे त्यात.

मग वासाची कारणं तीन. हे सील कोरडं पडलं, फुटलं किंवा कोणी काढून टाकलं, हे पहिलं आणि सगळ्यात जास्त सापडणारं. दुसरं, बाथरूममध्येच काहीतरी कुजतंय किंवा मुरलंय. तिसरं, नळाला येणारं पाणीच वासाचं आहे. पहिल्या कारणाला फिनाईल काहीच करत नाही, वायू खालून येतच राहतो, त्यावर थोडा वेळ सुगंध चढतो आणि उतरतो.

२. वासावरून कारण ओळखता येतं का?

बऱ्यापैकी येतं. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाईड, तो ड्रेनेजमधून येतो नाहीतर गीझरच्या पाण्यातून. ज्यांनी अंडं कधी हातात घेतलं नाही त्यांना मी सांगतो, पादेलोणाची बरणी उघडल्यावर येतो ना तो, पादेलोणातही सल्फाईडच असतं. नाकात झोंबणारा वास लघवीचा, प्र. ७ बघा. कुबट, ओल्या गोणपाटासारखा असेल तर बुरशी किंवा भिंतीत मुरलेलं पाणी. आंबूस, चिकट असा असेल तर जाळीत साचलेले केस, साबण आणि तेल. गोडसर आणि मळमळ आणणारा असेल तर काहीतरी मेलंय, प्र. १५. आणि जळकट किंवा मासळीसारखा वास आला तर पुढचं वाचत बसू नका, थेट प्र. १४ वर जा.

वास कधी येतो हेही तितकंच कामाचं असतं. सकाळी दार उघडल्यावर पहिला भपकारा येतो का, फक्त गरम पाणी सोडल्यावर येतो का, वरच्यांनी फ्लश केल्यावर येतो का, पाऊस पडल्यावर येतो का. चार दिवस कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवा. प्लंबर आला की हीच माहिती त्याला सगळ्यात उपयोगी पडते आणि कोणीच देत नाही.

३. चार-पाच भोकं आहेत, नेमकं कुठलं हे घरच्या घरी कसं शोधायचं?

दोन रात्री लागतात, पैसे लागत नाहीत.

पहिल्या रात्री हलवता येण्यासारखं सगळं बाहेर काढा. पोछा, पायपुसणं, कपड्यांची बास्केट, कचऱ्याचा डबा, ओले टॉवेल, बादल्या (बादलीचा बूड उलटा करून बघा, तिथे बुळबुळीत थर असतो) आणि मुख्य म्हणजे कमोडच्या ब्रशचा स्टँड, कारण त्याच्या तळाशी जे पाणी साचतं ते महिनोन्महिने कोणी ओतलेलं नसतं. दार लावून झोपा. सकाळी वास नसला तर विषय संपला.

वास राहिला तर दुसऱ्या रात्री भोकं बंद करायची. आधी प्रत्येकात एक-एक मग पाणी ओता म्हणजे कोरडं पडलेलं सील भरेल. मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत लिटर-दीड लिटर पाणी भरून घट्ट गाठ मारा आणि ती पिशवी जाळीवर ठेवा, ती वजनाने बरोबर पसरून बसते आणि हवा बंद होते. बेसिनचं भोक आणि त्याच्या आतल्या बाजूचं वरचं छोटं भोक, दोन्हीवर टेप लावा. कमोडचं झाकण हवाबंद नसतं, त्यामुळे सीट वर करून भांड्याच्या काठावर प्लास्टिक ताणून टेप मारा. वॉशिंग मशीनची नळी जाते ते भोकही विसरू नका. दार बंद करून झोपा.

सकाळी वास नसला तर दोषी ह्या भोकांपैकीच एक आहे. मग एक उघडा, दोन-तीन तास दार लावून ठेवा, बाहेर चक्कर मारून या आणि मग वास घ्या. बाहेर जाऊन यायचं महत्त्वाचं आहे, नाक त्याच हवेत राहिलं की दहा मिनिटांत सरावतं आणि काही कळत नाही. वास नाही आला तर ते परत बंद करून दुसरं उघडा. सगळं बंद असूनही वास आला तर मात्र भोकं निर्दोष, मग सांधे, भिंत, लॉफ्ट, गीझर बघायचे.

अगरबत्तीचीही एक सोपी खूण आहे. खिडकी बंद, एक्झॉस्ट चालू, आणि पेटलेली अगरबत्ती जाळीपासून वीतभर वर धरायची. धूर जाळीकडून तुमच्याकडे ढकलला जात असेल तर तिथून हवा वर येतेय. सील नीट असेल तर धूर सरळ वर जातो. गॅसच्या वासाची शंका असेल तर हे अजिबात करायचं नाही, आणि चेंबर किंवा सेप्टिक टँकच्या तोंडाशी तर कधीच नाही, तिथे पेट घेणारा वायू असतो.

४. जाळीखालची वाटी काढली की पाणी पटकन जातं. ती काढून ठेवली तर चालेल ना?

नाही चालणार, तीच तर सील आहे. बऱ्याच नहाणी ट्रॅपमध्ये जाळीच्या खाली एक वाटी उलटी बसते, तिची कड आजूबाजूच्या पाण्यात बुडलेली असते आणि त्यामुळेच वायू अडतो. वाटी काढली म्हणजे ड्रेनेजचं झाकण उघडं टाकलं. झुरळंही तिथूनच येतात.

एका काकूंकडे तीन महिने वास होता, दोन वेळा जेटिंग (जोराच्या पाण्याने पाइप साफ करणं) करून झालेलं, नवीन एक्झॉस्ट बसवून झालेला. मी जाळी उचलली तर खाली सरळ काळा पाइप. विचारलं वाटी कुठे, तर कोणालाच आठवेना. शेवटी खिडकीच्या कट्ट्यावर शाम्पूच्या बाटल्यांमागे सापडली, साबण ठेवायला वापरत होते तिला. धुऊन जागेवर बसवली, दोन मग पाणी ओतलं आणि संध्याकाळी त्यांचा फोन आला की वास गेला. तीन महिने त्या माउलीने पाहुण्यांना घरी बोलावलं नव्हतं.

पाणी हळू जातं त्याचा इलाज वाटी साफ करणं हा आहे. पंधरा दिवसांनी एकदा हातमोजे घालून वाटी काढा, केस काढा, जुन्या टूथब्रशने आतून-बाहेरून घासा. दिवाळीत पहिल्या आंघोळीच्या आठवड्यात तर नक्की, कारण तेल, उटणं आणि साबण मिळून जो लगदा होतो तो थेट तिथे जाऊन बसतो. हरवली असेल तर जाळी सोबत घेऊन दुकानात जा, मापाची नसली तर उपयोग नाही. बसवल्यावर टॉर्च मारून बघा, कड पाण्यात बुडलेली दिसायला हवी. चांगल्या ट्रॅपमध्ये सील ५० मिलिमीटर म्हणजे दोन इंच असतं, स्वस्तातल्या उथळ भांड्यात त्याच्या निम्मंही नसतं आणि ते लवकर सुकतं.

५. सुट्टीत गावाला जाऊन आलो की घरभर वास. घर तर बंदच होतं!

बंद होतं म्हणूनच. सीलचं पाणी वापराविना उडून जातं, मे महिन्यात उथळ ट्रॅप दोन-तीन आठवड्यांत कोरडा पडतो. पाहुण्यांची बाथरूम, आजी-आजोबा गेल्यावर न वापरलेली मोरी, ड्राय बाल्कनी, सगळीकडे तेच. आल्यावर खिडक्या उघडा, प्रत्येक भोकात अर्धी बादली पाणी ओता, फ्लश करा, तासाभरात फरक पडतो. जाताना पाणी ओतून वर दोन-तीन चमचे तेल सोडलं तर थर बसतो आणि पाणी हळू उडतं. खोबरेल नको, साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजतं आणि जाळीत वडी बसते. पॅराफिन तेल सगळ्यात बरं कारण ते खवट होत नाही. न वापरातल्या बाथरूममध्ये दर रविवारी एक बादली, ही सवय लावून घ्या.

हे नुसतं वासापुरतं नाही. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स ह्या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्सची लागण ३०० हून जास्त लोकांना झाली, आणि तपासात फरशीतले कोरडे ट्रॅप आणि बाथरूममधले पंखे हे पसरण्याचं एक मोठं कारण म्हणून पुढे आलं. म्हणून मी ह्या बादलीभर पाण्यासाठी एवढा मागे लागतो.

६. वास बेसिनकडून येतो, पण बेसिन तर स्वच्छ आहे.

खाली वाकून बघा. भांड्याखालून नुसती पांढरी वळ्यावळ्यांची लवचिक नळी निघून भिंतीत किंवा जाळीत खुपसलेली असेल तर तिथे ट्रॅपच नाही. एक तर बॉटल ट्रॅप (बेसिनखालचं बाटलीसारखं, पाणी अडवणारं भांडं) बसवून घ्या किंवा तात्पुरतं त्याच नळीला खाली यू सारखं वळण देऊन बांधा म्हणजे त्यात पाणी राहील. नळी भिंतीत जाते तिथे रबर किंवा सील नसलं तर बाजूच्या फटीतून वायू येतो, रबराची रिंग बसवली की बंद.

दुसरी जागा ओव्हरफ्लोचं छोटं भोक. त्याच्या आत थुंकी, पेस्ट, साबणाचा काळा थर बसतो आणि आपण तो कधीच धूत नाही. बाटली धुवायचा बारीक ब्रश आत घाला, वरून कोमट साबणाचं पाणी ओता. बाहेर काय येतं ते बघून तुम्ही दर महिन्याला कराल.

७. कमोड चकाचक घासतो तरी लघवीचा वास जात नाही. काय सुटतंय?

तीन जागा. सीटचे बिजागरे, तिथे थेंब जाऊन वाळतात, सीट काढून धुवा (खालून दोन नट असतात, हाताने सुटतात). दुसरी, कमोड फरशीला टेकतो तिथला पांढऱ्या सिमेंटचा सांधा. तो तडकला की लघवी आणि धुतलेलं पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. गुडघ्यांनी कमोड हलकेच ढकलून बघा, जरा जरी डुलला तर सांधा गेला, आणि मागच्या पाइपाचा जोडही सैल झालेला असू शकतो, मग ड्रेनेजचा वासही मिसळतो. जुनं सिमेंट खरवडून परत भरून घ्या. तिसरी, भांड्याच्या आतल्या काठाखालची भोकं आणि पाण्याच्या रेषेवरचा पिवळट खडकासारखा थर. तो क्षारांचा असतो, लघवी त्यात मुरते, ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर रात्रभर ठेवलं तर सुटतो.

आता नीट ऐका. ॲसिडवालं क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचवालं काहीही एकत्र टाकू नका, एकापाठोपाठ एक सुद्धा नको. क्लोरीन वायू होतो आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना इजा करतो. आणि शहाबादी किंवा कोटा फरशी असेल तर ॲसिड तिच्यावर जाऊ देऊ नका, हा चुनखडीचा दगड आहे, फसफसून खरखरीत होतो आणि मग वास अजून धरतो. तिथे धुण्याचा सोडा आणि ब्रश.

८. एक्झॉस्ट फॅन लावला की वास वाढतो. उलट कसं होतं हे?

पंखा हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. दार-खिडकी घट्ट बंद असली की ती सगळ्यात सोपी वाट धरते आणि कोरडी किंवा सैल सील ही फार सोपी वाट असते. म्हणजे पंखा दोषी नाही, तो दोष दाखवतोय. दाराखाली बोटभर फट ठेवा आणि मग प्र. ३ प्रमाणे भोक शोधा. स्वयंपाकघरातली मोठी चिमणी चालू केल्यावर बाथरूममध्ये वास आला तरी कारण हेच.

९. वरच्यांनी फ्लश केला की आमच्या जाळीत गुडगुड होते आणि मग वास येतो.

सोसायटीच्या उभ्या पाइपात हवा यायला-जायला गच्चीवर व्हेंट पाइप असतो, वर टोपी असते. तो बंद झाला की वरून पाणी खाली येताना मागे पोकळी होते आणि ती तुमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेते. गुडगुड ही त्याचीच. तळमजल्याला उलटं होतं, दाबाने पाणी वर उसळतं. गच्चीवर जाऊन बघा, कोणी डासांसाठी पिशवी बांधलीय का, कबुतराचं घरटं आहे का, वॉटरप्रूफिंग करताना पाइप कापून सिमेंटने बुजवलाय का. हे तिन्ही प्रकार मी पाहिलेत. तोपर्यंत तुमच्या हातात एवढंच, गुडगुड झाली की जाळीत मगभर पाणी ओता. कोणी किती खर्च करायचा ते प्र. १६ मध्ये.

१०. गार पाण्याला वास नाही, गीझरच्या पाण्याला सडक्या अंड्याचा येतो.

मग ड्रेनेजकडे जाऊच नका. खात्री करायला एक बादली गरम पाणी भरून बाल्कनीत न्या आणि तिथे वास घ्या. तिथेही आला तर पाण्याचाच. स्टोरेज गीझरच्या टाकीत गंज लागू नये म्हणून मॅग्नेशियमची कांडी असते, तिला ॲनोड म्हणतात. बोअरच्या पाण्यात सल्फेट असलं आणि गीझर नुसता कोमट ठेवला की काही जिवाणू त्या कांडीच्या संगतीने हा वायू तयार करतात. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर ठेवून दोन-तीन तास तापवा, मग वीज बंद करून पाणी काढून टाका. नळाला त्या वेळी लहान मुलं जाऊ देऊ नका, भाजेल. परत परत झालं तर मेकॅनिककडून टाकी धुऊन ॲनोड बदलून घ्या. गार आणि गरम दोन्हीला वास असेल तर बोअर किंवा वरची टाकी.

११. उन्हाळ्यात काही नसतं, पावसाळ्यातच घाण वास का सुटतो?

दोन वेगळी कारणं असतात, गल्लत करू नका. कुबट असेल तर ती ओल. चार महिने टॉवेल वाळत नाहीत, छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके येतात. आंघोळीनंतर वायपरने पाणी ओढा, पंखा वीस मिनिटं चालू ठेवा, टॉवेल बाहेर वाळवा.

ड्रेनेजचा असेल तर खाली पाणी तुंबतंय. चेंबर भरले की पाइपातली हवा मागे घराकडे ढकलली जाते. कोकणात आणि जिथे सेप्टिक टँक आहे तिथे जमिनीतलं पाणी वर येतं, शोषखड्डा पाणी घेईनासा होतो आणि टाकी तुंबते. टाकी दोन-तीन वर्षांनी टँकरवाल्याकडून उपसून घ्या आणि ते एप्रिल-मे मध्येच करा. कोणालाही आत उतरवू नका, कितीही सवयीचा माणूस असला तरी. टाकीतल्या वायूचं प्रमाण वाढलं की नाकाला वास कळायचाच बंद होतो, म्हणजे माणसाला धोका समजत नाही, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे.

१२. मोठा खर्च करून बाथरूम नवी केली आणि वास तेव्हापासूनच सुरू झाला.

दोन शक्यता आधी तपासा. एक, जुन्या खोल ट्रॅपच्या जागी दिसायला सुंदर पण उथळ जाळी बसवलीय, लांब पट्टीसारख्या जाळ्यांच्या खाली बऱ्याचदा ट्रॅपच नसतो. दोन, नवीन टाईलचं लेव्हल वर गेल्यामुळे जाळीची चौकट आणि खालचा ट्रॅप ह्यात फट राहिलीय आणि पाणी बाजूने खालच्या भरावात जातंय. फ्लॅटमध्ये बाथरूमखाली संक, म्हणजे स्लॅबचा खाली घेतलेला भाग असतो, साधारण फूटभर खोल, त्यात विटांचा भराव. तिथे साबणाचं पाणी साचलं की ते कुजतं आणि टाईलच्या सांध्यांतून वास येतो, आंघोळीनंतर जास्त. खालच्यांच्या छताला ओल आली असेल तर जवळजवळ नक्कीच.

जाळीचं तोंड घट्ट बंद करून फरशीवर अर्धा-एक इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारा, चोवीस तास थांबा. रेघेपासून पाणी उतरलं तर गळती आहे. सुरू करण्याआधी खालच्यांना सांगून ठेवा.

१३. वॉशिंग मशीनची नळी जाळीत घातलीय, त्यामुळे वास येतो का?

येऊ शकतो. नळीसाठी जाळीची वाटी काढलेली असते (प्र. ४), शिवाय कपड्यांचा भुसा खाली अडकून कुजतो. नळीला आत जायला भोक असलेली जाळी मिळते, ती घ्या. आणि मशीनचं दार उघडून रबराच्या घडीत बोट फिरवा, कधी कधी वास तिथलाच असतो.

१४. मासळीसारखा किंवा जळकट वास येतोय, बाथरूममध्ये तर मासे कोणी आणले नाहीत.

गीझरचा प्लग, स्विच किंवा वायर तापतेय. स्विचमधलं प्लास्टिक गरम झालं की असा वास सुटतो. लगेच त्या लाइनचा एमसीबी खाली करा, ओल्या हाताने स्विचला हात लावू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. प्लगवर तपकिरी डाग किंवा वितळलेली कड दिसेल.

गॅसचा वास असेल आणि गॅस गीझर असेल तर कुठलंही बटण दाबू नका, चालू किंवा बंद काहीच करू नका, सिलिंडर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जा आणि बाहेरूनच १९०६ वर फोन करा. आणि गॅस गीझर जळताना जो कार्बन मोनॉक्साईड होतो त्याला वासच नसतो, त्यामुळे तो बंद बाथरूममध्ये ठेवूच नका, वास येत नाही म्हणजे सगळं ठीक असं तिथे धरता येत नाही.

१५. उंदीर मेला असेल तर कसं कळेल?

वास एकदम सुरू होतो, दोन-तीन दिवसांत असह्य होतो आणि धुण्याने काडीचाही फरक पडत नाही. लॉफ्ट, गीझरच्या मागे, फॉल्स सीलिंग, डक्टची खिडकी बघा. मोठ्या निळ्या-हिरव्या माश्या जिथे बसतात तिथे शोधा. मिळालं नाही तर आठवडा-दोन आठवड्यांत सुकून वास आपोआप जातो. पण जाळीभोवती भिंतीवर बारीक केसाळ पतंगासारख्या माश्या असतील तर ते वेगळं, त्या पाइपातल्या चिकट थरात वाढतात, त्यांना मारत बसू नका, तो थर घासून काढा.

१६. पाइप सोसायटीचा का आमचा? सेक्रेटरी म्हणतात तुमचं तुम्ही बघा.

साधा हिशोब असा की तुमच्या फ्लॅटच्या आतलं, म्हणजे ट्रॅप, बेसिन, कमोड, टाईलखालची गळती, हे तुमच्या खर्चाने. उभा कॉमन पाइप, गच्चीवरचा व्हेंट, खालचे चेंबर, सेप्टिक टँक हे सोसायटीचं. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत दुरुस्तीची विभागणी अशीच दिलीय. तोंडी भांडू नका, लेखी अर्ज द्या, सोबत प्र. ३ ची चाचणी काय निघाली ते आणि गच्चीच्या पाइपाचा फोटो जोडा.

१७. बेकिंग सोडा, लिंबू, उकळतं पाणी, डांबर गोळ्या, ह्यातलं काय खरंच चालतं?

सोडा आणि लिंबू किंवा व्हिनेगर वरवरचा थर थोडा सोडवतात, केसांचा गोळा नाही निघत. उकळतं पाणी नको, पीव्हीसीचा पाइप आणि सांधे मऊ पडतात, हाताला सोसेल इतकं गरम पुरे. ड्रेन क्लीनर पावडरमध्ये कॉस्टिक असतं, ती वापरलीत तर त्यावर ॲसिड टाकू नका, उसळून अंगावर येतं. डांबर गोळ्या फक्त वास झाकतात आणि तान्ह्या बाळाच्या घरात तर नकोच, काही बाळांना त्याने रक्ताचा त्रास होतो.

१८. घरात फक्त मलाच वास येतो, बाकीचे म्हणतात मनाचे खेळ.

मनाचे खेळ नाहीत बहुतेक. बाकीच्यांचं नाक सरावलेलं असतं, आणि वासाची जाणीव माणसागणिक वेगळी असते. दिवसभर बाहेर राहून आलेल्या माणसाला किंवा शेजारच्या एखाद्या लहान मुलाला आत बोलवा, आधी काही न सांगता. घरात कुठेही जा, प्रवासात, ऑफिसमध्ये, सगळीकडेच तुम्हाला तोच वास येत असेल तर मात्र कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना दाखवा.

१९. सगळं करून झालं. प्लंबर म्हणतो फरशी फोडावी लागेल. फोडू का?

अजून थांबा. आधी पेपरमिंट तेलाची चाचणी करून घ्या. एक माणूस गच्चीवरच्या व्हेंटमध्ये थोडं पेपरमिंट तेल आणि बादलीभर गरम पाणी ओततो, वर तोंड बंद करतो आणि वरच थांबतो. त्याच्या हाताला आणि कपड्यांना वास लागलेला असतो, तो खाली आला तर घोटाळा होतो. दुसरा माणूस तुमच्या बाथरूममध्ये दार लावून बसतो आणि पुदिन्यासारखा वास कुठल्या कोपऱ्यातून येतो ते शोधतो. जिथे येईल तेवढंच उघडायचं.

आणि घर जुनं असेल तर विचारा, इथे पूर्वी दुसरं काय होतं. एका घरात दोनदा फरशी फोडून झाली होती, वास तसाच. मी घरातल्या आजींना विचारलं तर म्हणाल्या, पूर्वी संडास त्या कोपऱ्यात होता, इंडियन, आता तिथे कपाट आहे. कपाट सरकवलं, खालची एक टाईल वाजवली तर पोकळ आवाज. उचलली तर खाली जुन्या पाइपाचं तोंड, त्यात सिमेंटची रिकामी गोणी कोंबलेली आणि वरून टाईल. गोणी कुजून गेली होती. तोंडाला मापाची पीव्हीसीची कॅप सोल्युशन लावून बसवली, टाईल परत लावली, कपाट जागेवर.